दोन माणसं, एक शेगडी, फ्रिज नाही : महिन्याचा स्वयंपाक कमी खर्चात कसा बसवावा?

एकशेगडी
ऐरोलीत भाड्याची खोली, माणसं दोन. गॅसची एकच शेगडी, ५ लिटरचा कुकर आतल्या दोन भांड्यांसकट, एक कढई, एक तवा. फ्रिज नाही आणि वर्षभर तरी घेणं होणार नाही. सकाळी सातला दोन डबे भरलेले हवेत, रात्रीचं जेवणही घरीच. शाकाहाराची अट नाही.
मला तीन गोष्टी हव्या आहेत. महिन्याचा किराणा किती भरावा, तेही रुपयांत नको, वजनात सांगा. भाव हलतात, भूक तेवढीच राहते. एका शेगडीवर तासाभरात पोळी, भाजी, वरण, भात कसं उरकावं. आणि फ्रिजशिवाय काय टिकतं, काय नाही.

वरणभात
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गॅस आणि वेळ दोन्ही तिथेच वाचतात.
आदल्या रात्री काही करायचं नाही. उठल्या उठल्या अर्धी वाटी तूरडाळ धुऊन भिजत टाका, अर्धा तास पुरे. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी. खालच्या भांड्यात डाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे दोन-तीन थेंब. तेलाने फेस खाली बसतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. वरच्या भांड्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. बाजूच्या फटीत दोन बटाटे उभे करा, रात्रीची भाजी त्यातच झाली.
पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा, मग बारीक. शिट्टी वाजायला लागली की आतलं तापमान साधारण १२० अंशांवर जाऊन थांबतं. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी ते वर चढत नाही, जास्तीची वाफ फक्त बाहेर जाते. म्हणजे मोठ्या आचेवर घेतलेल्या सहा शिट्ट्यांचा गॅस हवेतच जातो. बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, बंद करा, उतरवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. डाळ त्या जिरणाऱ्या वाफेत पुरी होते.
कुकर गॅसवर आहे तोवर कणीक मळायची, भाजी चिरायची. कुकर उतरला की कढई. कढई उतरली की तवा. तवा शेवटी, म्हणजे पोळ्या गरम असताना डब्यात जातात आणि तवा तापलेला असतानाच पटापट होतात. अधूनमधून तवा थंड झाला तर प्रत्येक वेळी तो तापवायचा गॅस वेगळा.

सुमेधा_नौपाडा
वरणभात दादांच्या क्रमात एक जोड. फोडणी दोनदा करू नका. भाजीची फोडणी करताना चमचाभर जास्त करायची आणि तेवढी वाटीत काढून ठेवायची, तीच वरणावर. मोहरी पूर्ण तडतडल्यावर जिरं, मग गॅस बंद, मग हिंग आणि हळद. पेटत्या गॅसवर हळद टाकली तर दहा सेकंदांत काळवंडते आणि अख्ख्या वरणाला कडवटपणा येतो. मग तो झाकायला लोक गूळ घालतात, चिंच घालतात, आणि तरी तो मागे लागतोच.

घोडबंदर_टँकर
डाळ अर्ध्या तासाच्या भिजवणीत शिजेल हे पाण्यावर आहे हो. घोडबंदर रोडला ज्या इमारतींत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे चार शिट्ट्यांनंतरही डाळ वेगळी, पाणी वेगळं. त्यात दुकानदाराशी भांडणं होतात.

कोपरीकर
दुकानदाराचा दोष असेलच असं नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं, त्याला हे क्षार घट्ट करतात, मग डाळ फुटत नाही. उपाय सोपा : डाळ बोअरच्या पाण्याने धुवा हवी तर, पण भिजवायची आणि शिजवायची पिण्याच्या पाण्यात. दोघांच्या डाळीला दोन वाट्या पाणी लागतं, तेवढं निघतंच.
दुसरं कारण जुनी डाळ. आपल्याकडच्या गरम आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडलेली डाळ किंवा छोले-राजमा आतून असे कडक होतात की कितीही शिजवा, मध्ये दाणा लागतोच. म्हणून स्वस्त आहे म्हणून पाच किलो तूरडाळ भरू नका. महिन्याला एक किलो घ्या.
तिसरं, चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ तिथेच अडते.
सोडा चिमूटभर टाकला तर डाळ मऊ होते खरी, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी लागते. अगदी नाइलाज असेल तरच.

ओवा
एक शेगडी आणि रात्री नऊला घरी, यावर पिठलं हे उत्तर आहे आणि ते अजून कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. पंधरा मिनिटं, एक कढई.
दोघांना पाऊण वाटी बेसन, सव्वादोन वाट्या पाणी. म्हणजे एकास तीन. बेसन आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी बोटाने मोडेपर्यंत. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ वैरलं की दाण्याचा बाहेरचा भाग लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं, ती गुठळी मग डावाने फुटत नाही. सराईत हात वैरूनही करतो, पण त्यासाठी एका हाताने सतत घोटावं लागतं.
दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, एक कांदा. कांदा मऊ झाला की गॅस बारीक करून हळद, मग कालवलेलं पीठ, मीठ. ढवळत राहा. आधी पातळ दिसेल आणि वाटेल की पाणी जास्त झालं. घाबरून पीठ वाढवू नका. तीन-चार मिनिटांत कडेपासून घट्ट व्हायला लागतं, मध्ये जाड बुडबुडे येतात, फट् फट् आवाज होतो. आता झाकण ठेवून बारीक आचेवर सहा-सात मिनिटं. इथे घाई केली की पीठ कच्चं राहतं आणि घशाशी येतं. झाकण काढल्यावर वर तेलाची झाक दिसली आणि कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. बुडाला लागलेली खरवड पाण्याचा हबका मारून झाकून ठेवा, दोन मिनिटांत सुटते. ती टाकून देऊ नका, ज्याने कढई घासायची त्याचा तिच्यावर पहिला हक्क.

रत्नांग्री_ठाणे
ओवा ताई, त्यातच कुळथाचं पीठ धरा. बेसनापेक्षा पातळ ठेवायचं : तीन मोठे चमचे पीठ, अडीच वाट्या पाणी, तीन आमसुलं. भाताबरोबर दोघांचं जेवण. आमसूल ठेवलं की टोमॅटो महागला तरी अडत नाही. डबाबंद ठेवलं तर १०० ग्रॅम दोन महिने सहज जातात.

रानमेथी
भाजीबद्दल. किलोचा भाव बघून फसायला होतं, ताटात किती येतं ते बघायचं. मटारच्या एक किलो शेंगांतून दाणे निम्म्याहून कमी निघतात. उलट कोबी जवळजवळ सगळा वापरला जातो. फ्लॉवरच्या दांड्याची साल काढली की आतला गर भाजीत जातो, कोवळा पाला चिरून बेसन पेरून होतो. मुळ्याचा पाला, दोडक्याच्या शिरा, दुधीची साल : तिळाबरोबर कोरड्या परतून चटणी. शिरा आधी तेलाशिवाय परतायच्या, पाणी उडाल्यावर तेल. आधी तेल घातलं तर त्या तेलात उकडतात आणि कुरकुरीत होत नाहीत.
फ्रिज नसेल तर आठवड्याची भाजी एकदम आणली तरी चालते, खायचा क्रम मात्र पाळा. पहिल्या दिवशी पालेभाजी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेंडी, गवार. मग कोबी, दुधी. शेवटी बटाटा, सुरण. लाल भोपळ्याची फोड घ्यायची असेल तर पावशेरच घ्या, कापलेला भोपळा दमट हवेत दुसऱ्या दिवशीच बुळबुळीत होतो. पालेभाजी घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका. जुडी सोडा, कोरड्या फडक्यात गुंडाळा, करताना धुवा. कोथिंबीर मुळांसकट घेऊन पेल्यात पाणी घालून उभी ठेवली आणि पाणी रोज बदललं तर तीन दिवस जाते.
ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याला संध्याकाळी उशिरा जा, उरलेल्या मालाचे वाटे लागतात. त्यात टोमॅटो मऊ असतात, ते त्याच रात्री वापरायचे असतील तरच वाटा स्वस्त पडतो.
पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा पहिल्या पावसातला, कोवळा घ्यायचा. भाजी मेथीसारखीच कांदा घालून.

तुर्भे_नाका
ऐरोलीहून तुर्भ्याची बाजार समिती जवळ आहे, तिकडून का आणत नाही?

रानमेथी
दोन माणसांसाठी तिकडे जाऊन उपयोग नाही. तिथला व्यवहार गोणीच्या आणि क्रेटच्या हिशोबाने. मजल्यावरची चार-पाच घरं मिळून कांद्याची एक गोणी वाटून घेणार असाल तर जरूर जा. कांदा-बटाटा आणि लसूण एवढ्यासाठीच. पालेभाजीसाठी कधीच नाही, वाटणी होईपर्यंत ती मरगळते.

दिवाळे_बंदर
रानमेथी ताईंनी रानभाज्यांत शेवळं लिहिली नाहीत, बरं केलं. नवख्याने घेऊ नयेत. पिवळा भाग काढला नाही आणि काकडांचा, म्हणजे त्याबरोबर घालतात त्या आंबट रानफळांचा, रस पडला नाही तर घसा असा खाजतो की रात्रभर झोप नाही.
मला सांगायचंय ते सुकटाबद्दल. मासे खात असाल तर कमी खर्चात याच्यासारखं दुसरं नाही. दोघांच्या वांग्याच्या किंवा कांद्याच्या कालवणाला दोन मुठी सुकट पुरते. आधी कोरड्या तव्यावर बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं, हलकी खमंग होईपर्यंत. मग चाळणीत घोळवा, बारीक रेती आणि मिशा खाली पडतात. मग पाण्यातून पटकन दोनदा काढून पिळून घ्या. भिजत ठेवू नका, चव पाण्यात जाते. मीठ शेवटी आणि बेताने, सुकटीत आधीच असतं. पावसाळ्यासाठी मे महिन्यात दोन कडक उन्हं देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची, जूननंतर घेतलेली नरम असते आणि लवकर वास मारते.

पितळी_डबा
साठवणीचं राहिलं. पावसाळ्यात ठाणे काय, नवी मुंबई काय, हवा सारखीच. तूरडाळ किलोला एक चमचा एरंडेल चोळून ठेवायची, वापरताना कोमट पाण्याने धुवायची. रवा कोरडा भाजून. कडधान्यं कडक उन्हात. तांदूळ मात्र उन्हात घालू नका, दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. तांदळाला बोरिक पावडर लावून ठेवली की किडा नाही.

सुमेधा_नौपाडा
पितळी_डबा काका, बाकी सगळं मान्य, बोरिक पावडर अजिबात नको. बोरिक ॲसिड पोटात जायची वस्तू नाही, आणि तांदूळ तीन पाण्यांनी धुतला तरी किती राहिलं हे आपल्याला दिसत नाही. लहान मुलाच्या पेजेत तर नकोच. दोन माणसांना महिन्याला पाच किलो तांदूळ, त्याला कसली पावडर? वाळलेला कडुनिंबाचा पाला, नाहीतर चार सुक्या मिरच्या, घट्ट डबा. महिन्याचाच भरायचा, म्हणजे किडा व्हायला वेळच मिळत नाही.

पितळी_डबा
मोठ्या कोठीसाठी पूर्वापार वापरतात म्हणून लिहिलं. पण महिन्याचाच भरायचा असेल तर गरज नाही, हे पटलं. माझ्या यादीतून ते काढा.

नवा_सदस्य_७
रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात तो हाच का? निवडून टाकतो आम्ही.

कोपरीकर
टाकू नका! तो पोषणयुक्त केलेला तांदूळ आहे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून त्याचे दाण्यासारखे दाणे पाडतात आणि १०० किलो साध्या तांदळात १ किलो या प्रमाणात मिसळतात. रंग किंचित वेगळा असतो, काही तरंगतात. निवडून टाकले तर सरकारने घातलेलं नेमकं तेवढंच कचऱ्यात जातं. धुतानाही तरंगणारे दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नका, दोन वेळा हलक्या हाताने धुवा, बास.
आणि मूळ प्रश्नकर्त्यांना : गावाकडे प्राधान्य कुटुंबाचं रेशन कार्ड असेल आणि तुमचं नाव त्यावर असेल, तर ऐरोलीतल्या रेशन दुकानातही अंगठा देऊन तुमच्या वाट्याचं धान्य घेता येतं. माणशी महिन्याला ५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. घरच्यांनी गावी त्यांचा वाटा घेतला तरी तुमचा इथे मिळतो. आधार कार्डाला जोडलेलं आहे का तेवढं बघा.

एकशेगडी
कार्ड गावी आहे आणि नावंही आहेत. हे माहीतच नव्हतं. उद्याच विचारतो.
एक शंका. रात्रीचा भात उरला तर सकाळी फोडणीचा भात करून डब्याला न्यावा का?

वरणभात
न्या की. महाराष्ट्राची अर्धी न्याहारी तीच आहे.

कोपरीकर
फ्रिज असता तर मीही हो म्हटलं असतं. भातात एक जंतू असतो, त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष फोडणीच्या आचेने जात नाही. वास न येताही उलट्या होतात. थंडीच्या दिवसांत गावी जे चालतं ते ऐरोलीच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत चालत नाही. रात्री नऊला शिजवलेला भात दुसऱ्या दिवशी दुपारी एकला डब्यातून खायचा म्हणजे सोळा तास. नको.

वरणभात
सोळा तासांचा हिशोब मी केला नव्हता. सकाळी आठला खायचा आणि दुपारी एकला खायचा यात फरक आहे, मान्य. मग एकशेगडी, भात वेळेपुरता मोजून टाका : दोघांना रात्री पाऊण वाटी तांदूळ. सकाळी माझ्या पहिल्या प्रतिसादातली एक वाटी डब्यात संपते. सकाळचं वरण रात्रीपर्यंत ठेवायचं असेल तर खोबरं-कोथिंबीर न घालता, दुपारी कुणी घरी नसेल तर निघताना खळखळून उकळून, आणि रात्री पुन्हा उकळून. उन्हाळ्यात तेही नको, रात्री पिठलं.

सुमेधा_नौपाडा
कणकेचंही तसंच. सकाळची मळलेली कणीक संध्याकाळी आंबते. पोळ्या सकाळीच रात्रीपुरत्याही करून फडक्यात ठेवा, किंवा रात्री भाकरी. पीठ ताजं असेल तर भाकरी थापताना तडे जात नाहीत. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्याने भिजवायचं आणि चांगलं मळायचं. बाजरी दळून आणली तर आठवड्याचीच, तिच्यातल्या तेलामुळे पीठ लवकर कडू होतं.

मोड_आलेली_मटकी
मोडांवर कुणीच बोललं नाही! पावसाळ्यात मोड चिकट होऊन वास मारतात याचं कारण बहुतेक वेळा पाणी. मटकी आठ तास भिजवायची, जास्त नाही. पाणी पूर्ण निथळेपर्यंत चाळणीत अर्धा तास. मगच ओल्या नव्हे, दमट फडक्यात सैल बांधून टांगायची, घट्ट पुरचुंडीत आतले दाणे गुदमरतात. बारा तासांनी मोड येतात. एक वाटी मटकीची मोडांसकट जवळजवळ तीन वाट्या होते, दोघांना एका वेळेला अर्धी वाटी सुकी पुरते. शिजवताना कुकर नको, लगदा होतो. कढईत फोडणीवर, वाटीभर पाणी, ताटावर पाणी ठेवून दहा मिनिटं.
मोडांना वेळ नसेल त्या दिवशी अख्खा नाही, मसूरडाळ घ्या. भिजवायला नको, उघड्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते.
सोयावडीही ठेवा. ५० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार पाण्यातून दोनदा घट्ट पिळली तर तो उग्र वास जातो.

एकशेगडी
आता पहिल्या प्रश्नाचं कुणी सांगेल का, वजनात?

पितळी_डबा
सांगतो, लिहून घ्या. दोघं, दोन्ही वेळा घरचं. दिवसाला दहा पोळ्या धरल्या तर गहू साडेनऊ-दहा किलो. एका किलोत घडीच्या तीस-बत्तीस पोळ्या होतात. ज्वारी खाणार असाल तर त्यातले २ किलो कमी करून २ किलो ज्वारी. तांदूळ ५ किलो. तूरडाळ १ किलो, मूगडाळ आणि मसूरडाळ अर्धा-अर्धा किलो. मटकी, मूग, चवळी मिळून दीड किलो. बेसन पाऊण किलो. शेंगदाणे पाऊण किलो, भाजून कूट एकदम करू नका, पावसाळ्यात खवट होतो, पाव किलोचा करत जा. पोहे १ किलो, रवा अर्धा. तेल सव्वा लिटर. तेलाचं भांडं कधीही थेट कढईवर वाकडं करायचं नाही, चमच्यानेच घ्यायचं. भाजीला दोन-अडीच छोटे चमचे, वरणाला एक. तेवढ्याने सव्वा लिटर महिनाभर जातं, बुधल्यातून ओतलं तर पंधरा दिवसांत दुसरी पिशवी आणावी लागते. साखर १ किलो, गूळ अर्धा, चहा पाव किलो. मीठ एक किलो दोन महिने. मोहरी, जिरं १०० ग्रॅम, हळद १००, तिखट पाव किलो, गोडा मसाला १००. हिंगाची सर्वात लहान डबी. कांदे ४ किलो, बटाटे ३, हे दोन वेगळ्या टोपल्यांत; एकत्र ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात. दूध रोज अर्धा लिटर, आल्याबरोबर तापवायचं, संध्याकाळी पुन्हा.
रेशनचं १० किलो मिळालं तर गहू-तांदूळ त्यातून वळते करा. तिथला तांदूळ बहुतेक जाड असतो, पाणी वाटीला अडीच वाटी घाला आणि आधी वीस मिनिटं भिजवा.

एकशेगडी
लिहून घेतलं. भिंतीला लावतोय. कढईचं झाकण नाही माझ्याकडे, पिठल्याला काय ठेवू?

ओवा
परात उपडी घाला. वरून कापड ठेवा म्हणजे उचलताना हात भाजणार नाही, आणि उचलताना आपल्यापासून दूरच्या बाजूने, वाफ तोंडावर येत नाही.